घटनात्मक न्यायालये आणि सत्ताविभाजन : छत्तीसगढ
घटनात्मक न्यायालये म्हणजे कायदे व शासनकृती संविधानाच्या कसोटीवर तपासणारी न्यायालये. जर्मनीत यासाठी स्वतंत्र न्यायालय आहे, तर भारतात हे काम सर्वोच्च न्यायालय (अनुच्छेद ३२) आणि उच्च न्यायालये (अनुच्छेद २२६) करतात. छत्तीसगढमधील दुर्ग–भिलाई परिसर १ नोव्हेंबर २००० पासून बिलासपूरच्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. ‘नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगढ राज्य’ या खटल्यात ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून माओवादविरोधी मोहिमेत शस्त्रे देणे घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने साहाय्यक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला. मात्र असा कायदा करणे हा न्यायालयाचा अवमान ठरत नाही, त्याच्या वैधतेला स्वतंत्रपणे आव्हान द्यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. न्यायालयांनी सत्तेला आवर घालतानाच स्वतःची मर्यादा पाळणे, यातच सत्ताविभाजनाचे मर्म आहे.