बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा

बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा हा पाश्चात्त्य अभिजात संगीत सादर करणारा मुंबईतील वाद्यवृंद होता. व्हायोलिनवादक मेहली मेहता (२५ सप्टेंबर १९०८ – १९ ऑक्टोबर २००२) यांनी तो १९३५ मध्ये स्थापन केला आणि १९५५ मध्ये देश सोडेपर्यंत त्याची धुरा वाहिली. सुमारे दहा वर्षे ते वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर होते; पुढे ते त्याचे संवाहक झाले. विख्यात संवाहक झुबिन मेहता हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होत. ऑर्केस्ट्राच्या सभासदांपैकी बहुतेकांचा चरितार्थ अन्य व्यवसायावर चालत असे. पूर्णवेळ पगारी वाद्यवृंदाला लागणारा स्थायी आर्थिक आधार त्याला कधीच मिळाला नाही, आणि त्याच्या अल्पायुष्याचे मुख्य कारण हेच मानावे लागते.

पार्श्वभूमी

सिंफनी ऑर्केस्ट्रात तंतुवाद्ये, लाकडी सुषिरवाद्ये, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये असे चार विभाग असतात. प्रत्येक वादकापुढे स्वरलिपीत लिहिलेला त्याचा भाग असतो आणि संवाहकापुढे सर्वांचे भाग एकत्र दाखवणारी संहिता असते. लय, नादाचा लहानमोठेपणा आणि विभागांचा परस्पर तोल सांभाळणे हे संवाहकाचे काम. हे काम मुख्यतः तालमींतच होते. कार्यक्रमात श्रोत्यांना दिसतो तो त्याचा शेवटचा टप्पा. पहिल्या व्हायोलिनवादकांच्या प्रमुखास कॉन्सर्टमास्टर म्हणतात.

भारतीय रागसंगीतात गायक वा वादक मैफलीतच विस्तार करतो, तेथे अशा संहितेची गरज पडत नाही. त्यामुळे सिंफनी वाजवू शकणारे वादक मुंबईत फार नव्हते. पारशी घरांतून पियानो व व्हायोलिन शिकण्याची रीत होती. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले जाई. तेथून आलेले वादक मुंबईतील हॉटेलांच्या नृत्यवाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नोकरी करीत. ओबो, फ्रेंच हॉर्न यांसारख्या वाद्यांसाठी लष्कराच्या व नौदलाच्या बँडमधील वादकांवर विसंबावे लागे.

याच काळात नाझी राजवटीमुळे मध्य युरोपातील अनेक ज्यू कलावंत परागंदा झाले. त्यांपैकी वॉल्टर कॉफमन हे संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तिच्या कार्यक्रमांत स्वतः कॉफमन, मेहली मेहता आणि चेलोवादक एडिजिओ व्हेर्गा वाजवीत. पुढे कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. पहाटे प्रसारण सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची परिचयधून त्यांचीच मानली जाते.

स्थापना आणि कार्य

मेहली मेहता यांचे व्हायोलिनवरील प्रभुत्व मुख्यतः स्वाध्यायातून आले होते. ध्वनिमुद्रिका ऐकणे आणि मुंबईत येणाऱ्या परदेशी वादकांचे कार्यक्रम पाहणे, हीच त्यांची शाळा. १९३५ मध्ये त्यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हे चार तंतुवादकांचे पथक स्थापन केले. क्वार्टेटच्या आणि वाद्यवृंदातील लहान गटांच्या तालमी त्यांच्या घरी होत. झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे वाद्यवृंदाच्या स्थापनेनंतर वर्षभराचा. त्यांचे बालपण या तालमींच्या सान्निध्यात गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मेहली मेहता न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गॅलमियन या नामवंत गुरूंकडे शिकले. वयाच्या तिशीच्या उत्तरार्धात, पत्नी तेहमिना आणि दोन मुले मुंबईत ठेवून, त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. परत आल्यावर त्यांनी वाद्यवृंदाची नव्याने बांधणी केली.

१९५२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन भारतात आले आणि दुष्काळनिधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. मुंबईत त्यांना साथ करण्याचे काम या वाद्यवृंदाने केले. याच सुमारास सोळा वर्षांचे झुबिन वडिलांच्या अनुपस्थितीत अधूनमधून तालीम घेऊ लागले. त्यांनी काही काळ वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या दृष्टीने शिक्षण घेतले. नंतर ते सोडून १९५४ मध्ये ते संगीतशिक्षणासाठी व्हिएन्नास गेले.

मेहली मेहता यांचे प्रस्थान

सिंफनीसाठी साठ-सत्तर वादक लागतात. त्यांना नियमित वेतन, तालमीची जागा, संगीतलिपीच्या प्रती आणि वाद्यांची देखभाल यांचा खर्च तिकीटविक्रीतून भागत नाही. युरोपात हा भार शासन वा नगरपालिका उचलते, अमेरिकेत मुख्यतः देणगीदार उचलतात. मुंबईत यांपैकी कोणतीही व्यवस्था रुजली नाही. चित्रपटसृष्टी वादकांना पैसा देत होती, पण वेळही तीच घेत होती. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश व युरोपीय श्रोते आणि वादक यांची संख्याही घटली.

१९५५ मध्ये मेहली मेहता इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली साहाय्यक कॉन्सर्टमास्टर म्हणून रुजू झाले. वीस वर्षे नेतृत्व केल्यावर त्यांनी दुसऱ्याच्या वाद्यवृंदातील आसन स्वीकारले. त्यांच्या पश्चात मुंबईतील वाद्यवृंदाचे सातत्य टिकले नाही. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियास कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये गेले आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. तेथे त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन करून सुमारे ३३ वर्षे तिचे संवाहकपद भूषवले. या संस्थेतून शिकलेले अनेक तरुण पुढे व्यावसायिक वाद्यवृंदांत दाखल झाले.

वारसा

मुंबईत हा प्रयत्न पुढेही होत राहिला. मूळचे गोव्याचे संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणारी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारली. १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राची स्थापना झाली. मेहली मेहता यांच्या नावाने १९९५ मध्ये मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन सुरू झाले. ही संस्था मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देते.

व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद मुंबईस मिळाला तो २००६ मध्ये. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे (एनसीपीए) खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. येथे एका संस्थेचे कायम पाठबळ आणि स्वतःचे सभागृह दोन्ही उपलब्ध झाले. मात्र पुरेसे प्रशिक्षित भारतीय वादक नसल्याने प्रारंभापासून बहुसंख्य वादक परदेशांतून आणावे लागले. ही उणीव भरून काढण्यासाठी वाद्यवृंदाने लहान मुलांसाठी संगीतशाळाही सुरू केली. १९३५ मधील वाद्यवृंदात वादक बहुतांशी शहरातलेच होते, पण त्यांना पोसणारी व्यवस्था नव्हती. आज व्यवस्था आहे, वादक घडवायचे आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये ८७ वर्षांच्या झुबिन मेहता यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे प्रथमच संवाहन केले. त्यांच्या वडिलांनी मुंबई सोडली, त्याला तेव्हा ६८ वर्षे झाली होती.