पक्षाचा माणूस न्यायमूर्ती झाला तर...

ऑगस्ट २०२५ मधला आरती साठे यांच्या नेमणुकीचा वाद आठवतो ना? सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने २८ जुलैला मुंबई उच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव सुचवलं. त्या २०२३ मध्ये महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. रोहित पवारांनी जाहीर आक्षेप घेतला, विरोधकांनी तो उचलून धरला. भाजपचं उत्तर असं की जानेवारी २०२४ मध्येच त्यांनी राजीनामा दिलाय, आता संबंध काय? त्याच महिन्यात नेमणूक झालीही.

मग सुरू झाला जुना खेळ. तुमचा बहरुल इस्लाम, आमची साठे! (इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा खासदार. १९७२ मध्ये राजीनामा देऊन गुवाहाटी उच्च न्यायालयात, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात, आणि १९८३ मध्ये न्यायमूर्तिपद सोडून परत काँग्रेसतर्फे राज्यसभेत. नमुनाच!)

पण के. एस. हेगडे कुणालाच आठवत नाहीत. तेही काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९५७ मध्ये तिथून थेट म्हैसूर उच्च न्यायालयात. मधे दीड वर्षसुद्धा नाही. पण पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांनी इंदिरा सरकारला इतकं अडचणीत आणलं की १९७३ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलली गेली, आणि त्यांनी राजीनामा दिला. आपल्याच उच्च न्यायालयातले फर्दिनो रिबेलो १९७७ मध्ये गोव्यात जनता पक्षाचे आमदार होते. १९९६ मध्ये न्यायमूर्ती, नंतर अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती.

२०२३ मध्ये मद्रासच्या व्हिक्टोरिया गौरींविरुद्धची याचिका फेटाळली गेली, तेव्हा खंडपीठावरचे भूषण गवई म्हणाले होते की राजकीय पार्श्वभूमी आपल्यालाही होती, ती कामाच्या आड आली नाही. साठेंचं नाव गेलं तेव्हा सरन्यायाधीश तेच होते.

म्हणजे पूर्वीच्या पक्षावरून माणूस ओळखता येत नाही, हे खरंच. तरी मला रोहित पवारांचा मुद्दा नुसता राजकारण म्हणून सोडून देता येत नाही. कारण आमचं वाटूर.

वाटूरच्या माणसाची कोर्टाची वाट ठरलेली. परतूर, मग जालना, आणि तिथं नाही भागलं तर औरंगाबादचं खंडपीठ (शहराचं नाव बदललं, जिभेवरचं नाही). तेही १९८१ मध्ये आलं, त्याआधी मुंबई गाठावी लागे. शेतकरी तिथवर जातो तो बहुतेक जमिनीच्या मावेजासाठी. धरणात गेली, रस्त्यात गेली. समोर सरकार. त्याला कॉलेजियम ठाऊक नाही, पण बोर्डावरचं नाव वकील वाचून दाखवतो. ते नाव कालपरवापर्यंत टीव्हीवर याच सरकारची बाजू मांडत असेल तर निकाल हरल्यावर तो काय म्हणेल? निकाल कितीही चोख असू दे. रिबेलो आमदारकीनंतर बऱ्याच वर्षांनी न्यायमूर्ती झाले, त्यांच्याबद्दल असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

राज्यघटनेचं २१७ वं कलम दहा वर्षं वकिली मागतं, पक्षाबद्दल काही म्हणत नाही. दोन-चार वर्षांच्या अंतराची अट घातली तर हेगडेंसारखा माणूस हातचा जाईल, म्हणून ती मला नको. पण कुठलं काम कुणापुढे जाईल हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. पक्षाच्या पदावरून नुकत्याच आलेल्या न्यायमूर्तींकडे पहिली काही वर्षं 'विरुद्ध सरकार'वाले खटले दिलेच नाहीत तर? कलम बदलावं लागणार नाही, कामाचं वाटप बदललं की झालं.