पहिला चांगला कॅमेरा घेताना : मालवण किनाऱ्यावरच्या घरांसाठी

मुलाने किंवा मुलीने कॅमेरा मागितला की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो. व्याजाच्या हप्त्यावर नवा घेण्यापेक्षा रोखीने चांगला जुना घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

सेन्सर : सुरुवातीला एपीएस-सी पुरे. तो साधारण 23.5 × 15.6 मिमीचा, मोबाईलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो.

लेन्स : सिंधुदुर्ग किल्ला, रापण ओढणारी माणसं यासाठी सोबत येणारी 18-55 मिमी चालते. निकाह घरात, संध्याकाळी असेल तर ती कमी पडते. तिथे 35 मिमी एफ/1.8 हवी. एफ/5.6 पेक्षा ती जवळपास 10 पट उजेड आत घेते. म्हणून सगळे पैसे बॉडीवर घालू नका.

जुना घेताना : लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. शटर किती वेळा चाललंय तेही विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण 1 लाख क्लिकसाठी धरलेलं असतं.

जपणूक : आपल्याकडची हवा दमट आणि खारी. कॅमेरा कपाटात बॅगेत कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. वाळूवर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर किंचित ओल्या, मऊ कापडाने बॉडी पुसा.

शेवटचं : लग्नघरात बायकांचे फोटो काढण्याआधी घरच्यांना आणि त्यांना स्वतःला विचारा. एकदा विश्वास बसला की पुढचं काम आपोआप येतं, इन्शाअल्लाह.