वळीव आणि भिंती

आम्हा गोवेकरांना वळवाचा पाऊस म्हणजे मातीचा सुवास. पण मे २०१८ च्या वादळांची हकीकत वाचली आणि माझा हा भाबडेपणा गळून पडला. २ मेच्या रात्री आग्रा, भरतपूर, धौलपूर भागात शंभरावर माणसे गेली. १३ मेला उत्तर भारतात पुन्हा वादळे उठली. राजस्थानची तापलेली जमीन, बंगालच्या उपसागराकडून आलेले बाष्प, वरून सरकणारा पश्चिमी विक्षोभ. तिन्ही एकत्र आले. कोरड्या हवेत पाऊस वाटेतच सुकतो, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते, धूळ उडवत धावते. अनेकजण मात्र मेले ते झोपेत, पडलेल्या भिंतींखाली. आभाळाला दोष देताना त्या कच्च्या भिंती विसरू नयेत.