कर्करुग्णांना समाजमाध्यमांतून आधार (चिकलठाणा व परिसर)

कर्करोगातून बरे झालेले, उपचार घेणारे आणि त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब या माध्यमांतून एकमेकांना देतात ती माहिती, धीर व व्यावहारिक मदत.

स्थान. चिकलठाणा हा छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेचा, जालना रस्त्यावरचा भाग. औद्योगिक वसाहत, विमानतळ आणि ‘मिनी घाटी’ म्हणून ओळखले जाणारे जिल्हा रुग्णालय येथे आहे. कर्करोगासाठी मात्र शहरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जावे लागते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाला पुढे राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. जालना, बीड, परभणीकडचे रुग्णही येथे येतात. तोंडाच्या कर्करोगात शेक (किरणोपचार) सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. तो संपला की रुग्ण गावी परततो आणि रुग्णालयाशी रोजचा संबंध सुटतो. समाजमाध्यमांची खरी गरज येथून सुरू होते.

नोंदणी. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई (१९६३) व पुणे (१९७२) यांच्या पाठोपाठ १९७८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे कर्करोग नोंदणी सुरू केली. कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग किती आढळतो, हे अशा नोंदणीतून कळते. तिचा भर निदान व मृत्यू यांवर असतो. रुग्णाला पुन्हा गिळता येते का, कामगार पाळीवर परत रुजू झाला का, घरावरचे कर्ज फिटले का, हे तिच्यात येत नाही. बरे झालेल्यांच्या आयुष्याची ही बाजू त्यांच्या आपसांतल्या बोलण्यातच उरते.

उपयोग. तोंडाच्या किंवा स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेनंतर बोलणे अवघड होते. अशा व्यक्तीला लेखी संदेशाने पुन्हा संवाद साधता येतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मराठीतला ध्वनिसंदेश उपयोगी पडतो. तोंड उघडण्याचे व्यायाम, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देण्याची रीत, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवरचे व्यायाम या गोष्टी छापील पत्रकापेक्षा चित्रफितीत नीट कळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे व रेल्वेभाड्यातील सवलत यांची माहितीही अनुभवी कुटुंबाकडून लवकर मिळते. अमेरिकेत स्तनकर्करोगाच्या रुग्णांनी २०११ मध्ये ट्विटरवर ‘बीसीएसएम’ (ब्रेस्ट कॅन्सर सोशल मीडिया) हे नियमित चर्चासत्र सुरू केले. डॉक्टर व रुग्ण यांनी एकत्र बोलण्याचे ते ठळक उदाहरण आहे.

मर्यादा व अपप्रचार. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी आहार, हळद व कडुनिंब यांमुळे पत्नीचा कर्करोग बरा झाल्याचे सांगितले. ती चित्रफीत देशभर फिरली. टाटा मेमोरियल रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही आणि सिद्ध उपचारांना उशीर करू नये. संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी ते समाजमाध्यमावरच प्रसिद्ध केले. खोट्या आशेने केमो (रसायनोपचार) अर्धवट सोडणे जिवावर बेतू शकते. केमोच्या काळात ३८ अंश सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून अधिक ताप आल्यास समाजमाध्यमावरच्या गटात विचारत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत वाढतो. उपचारासोबत जगणे कसे सांभाळावे, हे गटाने सांगावे. उपचार कोणता घ्यावा, हे डॉक्टरने ठरवावे. ही सीमा पाळली जावी म्हणून गटात मराठी बोलणारी प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवक असणे आवश्यक आहे. रुग्णांना वाट दाखवणारे असे कार्यकर्ते घडवण्यासाठी टाटा मेमोरियलने २०१९ मध्ये ‘केवट’ अभ्यासक्रम सुरू केला.

गोपनीयता. तपासणी अहवालाचे छायाचित्र गटात टाकले की ते कोठवर जाईल, हे रुग्णाच्या हाती राहत नाही. लग्नाच्या वयाच्या मुली व कंत्राटी कामगार यांना त्याची झळ अधिक बसते. नाव झाकून आणि रुग्णाची संमती घेऊनच अहवाल पाठवावा.

परिणामकारकता. अशा गटांतून धीर व माहिती मिळते, याबाबत सर्वसाधारण एकमत आहे. त्यामुळे रुग्णाचे आयुष्य वाढते का, याबाबत मतभेद आहेत.

बालरुग्ण. लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ पासून काम करतो.