अपूर्णांक

अपूर्णांक : पूर्ण राशीचे समान भाग करून त्यांपैकी काही भाग दाखविणारी संख्या. भाग किती केले हे छेद सांगतो, किती घेतले हे अंश. ३/४ म्हणजे तिनास चाराने भागणे, तसेच तीन व चार यांचे गुणोत्तरही. अंश लहान असल्यास छेदाधिक, मोठा असल्यास अंशाधिक व पूर्णांकासह लिहिल्यास पूर्णांकयुक्त (उदा., सव्वा, अडीच, औट) असे प्रकार होतात, दशांश अपूर्णांकाचा छेद दहाचा घात असतो.

भागाच्या भागास भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) प्रभागजाती म्हटले आहे. तेथील कृपण दाता द्रम्माच्या भागाचे भाग करीत अखेर १/१२८० द्रम्म, म्हणजे एक कवडी, देतो.

चांदा जिल्ह्यातील (सध्याचे चंद्रपूर व गडचिरोली) मालगुजारी गावांची मालकी अशाच प्रभागांवर चाले. सबंध गाव सोळा आणे. हिस्सेदाराचा नफा व साऱ्याची जबाबदारी त्याच्या आणे-पैंनुसार. येथे आणा हे नाणे नसून १/१६ भाग होय. तीन भावांना प्रत्येकी ५ आणे ४ पै मिळत, कारण सोळा आण्यांच्या १९२ पै तिहींत निःशेष वाटल्या जातात. शंभर पैशांना ही सोय नाही. पुढच्या पिढीत पुन्हा तीन वारस झाले, की वाटा २१ १/३ पै होऊन हिशेब पैच्याही खाली उतरे. पूर्वेकडील जंगलपट्ट्यातील जमीनदाऱ्या मात्र बहुधा अविभाज्य मानल्या जात.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली व १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली. पीकमानाची आणेवारी पुढे पैसेवारी झाली. तिच्यात प्रत्यक्ष उत्पन्न हा अंश, प्रमाण उत्पन्न हा छेद. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी टंचाईची निदर्शक मानून सवलती देण्याची प्रथा पडली; २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पर्जन्य व पीकस्थितीच्या निर्देशांकांना प्राधान्य आले.

पैसेवारीतील अंश शेतात मोजला जातो, छेद दप्तरात ठरतो. हेक्टरी १० क्विंटल धान २५ च्या प्रमाणाशी ताडल्यास ४० पैसे होतात. प्रमाण १८ धरल्यास तेच धान सुमारे ५६ पैशांचे ठरते व सवलत हुकते. शिवाय पैसेवारी सबंध गावाची असते. मामा तलावाखालील बांधीत ८० पैसे व कोरडवाहू बांधीत ३० पैसे पिकले आणि दोन्हींचे क्षेत्र समान असले, तर गावाची सरासरी ५५ येते. कोरडवाहू शेतकऱ्याची नापिकी त्या आकड्यात दिसत नाही.