विवाहमालेंतील एक विस्मृत फूल

गेल्या पौषांत आमच्या भिवंडीच्या घरीं माझ्या पुतणीचा विवाह ठरला, व मंडपाची सारी सजावट केवळ फुलांचीच करावी असें वधूवरांच्या मनानें घेतलें. सजावट करणाऱ्यानें आणलेल्या चित्रांत जर्बेरा, कार्नेशन व ऑर्किड यांचीच रेलचेल होती. घरांतील वडीलधाऱ्यांस तें रुचलें नाहीं. परदेशचीं फुलें मंगलकार्यांत कशाला. झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब हीं आपलीं परंपरेचीं फुलें काय वाईट आहेत, असा त्यांचा सवाल होता. मी इतिहासाचा अध्यापक. तेव्हां परंपरेच्या फुलांची यादी करण्याचें काम ओघानेंच माझ्याकडे आलें. काम सोपें वाटलें म्हणून मीं तें पत्करलें. परंतु यादी करावयास बसलों, तों पहिल्याच नांवापाशीं लेखणी अडली.

झेंडू हा मूळचा मेक्सिकोचा. तेथें मृतांच्या स्मरणदिनीं आजही याच फुलांच्या राशी थडग्यांवर घालतात. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचला. त्यापूर्वीं आपल्याकडील कोणा वधूवरांच्या गळ्यांत झेंडूचा हार पडला असणें शक्य नाहीं. आमच्या शेजारची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यांत होती. मिरची, काजू व अननस यांच्याप्रमाणें झेंडूही त्यांच्याच जहाजांतून इकडे आला असें मानतात. निशिगंधाचें नांव संस्कृत, पण कूळ मेक्सिकोचेंच. देवळापुढचा खुरचाफाही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतला. शेवंतीची जोपासना प्रथम चीन देशांत झाली. गुलाब हा शब्द फारसी, आणि मुळांत तो फुलाचा वाचक नसून गुलाबपाण्याचा आहे. निःशंकपणें ठेवतां येतील अशीं मोगरा, जुई, सोनचाफा, बकुळ अशीं थोडींच नांवें यादींत उरलीं.

यावरून वडीलधाऱ्यांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. चारशें वर्षें ज्या फुलानें आपलीं तोरणें सजविलीं, तें आपलें नव्हे असें म्हणणें हाही शुद्धतेचा अतिरेकच होय. शेक्सपियरच्या 'विंटर्स टेल' नाटकांत पर्डिटा ही धनगराघरीं वाढलेली मुलगी संकराचीं फुलें आपल्या बागेंत लावावयास नाकारते. पॉलिक्सेनिस राजा तिला समजावतो कीं, हलक्या जातीच्या झाडावर उंची जातीचें कलम करणें हेंही निसर्गाचेंच कार्य आहे. परंतु थोड्याच वेळानें, आपला राजपुत्र याच मुलीशीं विवाह करूं पाहतो हें उघडकीस येतांच, त्याच राजाचा क्रोध अनावर होतो. फुलांविषयींचें औदार्य माणसांपर्यंत पोंचतेंच असें नाहीं. आमच्या भिवंडींत विणकर मुसलमानांच्या घरीं वराच्या मुखावर सेहरा उतरतो, आमच्या घरीं कपाळास मुंडावळ्या बांधतात. दोहोंचीं फुलें मात्र कल्याणच्या व दादरच्या त्याच बाजारांतून येतात.

मग जुन्या काळची विवाहमाला होती तरी कशाची? या प्रश्नानें मला कालिदासाकडे नेलें. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गांत स्वयंवरास निघालेल्या इंदुमतीच्या हातची माला दूर्वा आणि मधूक यांची आहे. 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गांत पार्वतीस विवाहासाठीं सजवितांना तिच्या केशपाशाभोंवतीं जी माला गुंफली जाते, तीही दूर्वायुक्त मधूकांचीच. मधूक म्हणजे आपला मोह. विद्यार्थीदशेंत मीं हे दोन्ही सर्ग अभ्यासले व त्या शब्दापुढें 'मोहाचें फूल' असा अर्थही लिहून ठेवला. पण शहापूर-मुरबाडच्या रानांत फाल्गुन-चैत्रांत पहाटे टपटप गळणारें तें फिकट, मांसल फूल आणि पार्वतीच्या केसांतली माला हीं एकच, हें कधीं मनांत आलें नाहीं.

तें कां आलें नाहीं याचें एक उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. वारली, कातकरी व ठाकूर यांस मोह हें अन्नही होतें आणि पेयही. फुलें वाळवून तीं टंचाईच्या दिवसांसाठीं ठेवीत, व सणासमारंभास त्यांचीच दारू गाळीत. इंग्रजी राज्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब म्हणून पक्की बांधली गेली. मोहाचीच दारू उरणच्या भट्ट्यांत गाळली कीं ती कायदेशीर ठरे. रानांतल्या झोंपडींत गाळली कीं गुन्हा होई. एवढ्यानेंही घरगुती भट्टी थांबेना, तेव्हां १८९२ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं खास मोहफुलांचा कायदा केला आणि प्रत्यक्ष फुलांच्या संग्रहावर व नेण्याआणण्यावर निर्बंध घातले. भिवंडी तालुका ठाणें जिल्ह्यांतला. ज्या फुलानें कालिदासानें आपल्या नायिका सजविल्या, तें बाळगणें येथें संशयास्पद झालें!

शहरी मंडपांतून मोह या कायद्यानें घालविला असें मी म्हणणार नाहीं. पांढरपेशांच्या मंडपांतून तो त्याच्या कितीतरी आधींच गेला असावा. परंतु त्याच्या अंगीं असलेल्या अन्न, औषध व अलंकार या साऱ्या गुणांवर बोळा फिरवून केवळ 'दारूचें फूल' एवढीच ओळख आपल्या मनांत ठसविण्यास अशा कायद्यांनीं मोठाच हातभार लावला. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं हे निर्बंध शिथिल केले, तरी ती ओळख पुसलेली नाहीं. याचा अनुभव मला लगेच आला. यादीच्या शेवटीं मीं 'मोह व दूर्वा' असें लिहिलें, तेव्हां आमच्या आत्याबाईंनीं चष्मा काढून विचारलें, "दादा, मंडपांत दारू आणतोस का रे?"

मीं त्यांस 'कुमारसंभव' उघडून दाखविलें. त्यांनीं श्लोक दोनदां वाचला व काहीं न बोलतां पुस्तक मिटलें. पुढें यादी ठरली ती अशी : तोरणास झेंडू, कारण तो आतां घरचाच, हारांस मोगरा व सोनचाफा, जर्बेऱ्याचे चार गुच्छ वराच्या बहिणींच्या हौसेखातर. विवाह चैत्रांतला. त्या दिवशीं पहाटे शहापूरकडील एका ठाकूर बाईंनीं वेंचलेलीं मोहफुलें टोपलींतून आलीं; त्यांनीं सांगितलेली किंमत आम्हीं घासाघीस न करतां दिली. फूल नाजूक, दोऱ्यांत फार वेळ टिकत नाहीं. म्हणून मुहूर्तापुरतीच एक लहान सर दूर्वांसह गुंफली. ती पुतणीच्या अंबाड्याभोंवतीं आत्याबाईंनींच बांधली.